चूलबंद आवतन

आमच्या मौसाजींना जिंकणारा माणूस उभ्या आयुष्यात कधी आवडला नाही. बऱ्हाणपुरात मराठी घरांतसुद्धा मावशीच्या नवऱ्याला मौसाजीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते, आणि माझं ऐकून सारं गावही तसंच म्हणायला लागलं. नगरपालिकेची निवडणूक झाली की आमचा सारा राजपुरा मोहल्ला गुलाल घेऊन निवडून आलेल्याच्या दाराशी नाचायचा आणि मौसाजी एकटेच, डोक्यावरची टोपी नीट बसवून, ज्याचं डिपॉझिट गेलं त्याच्याकडे चहाला जायचे. तिथे राजकारणाचा एक शब्द काढायचे नाहीत. गुडघे कसे आहेत, बोअरला पाणी किती आहे, एवढंच विचारायचे आणि उठताना पाठीवर थाप मारून यायचे. मत त्यांनी त्याला दिलेलं असायचं असंही नाही. "जिंकणाऱ्याकडे जायला दुनिया आहे," ते म्हणायचे, "हरलेल्याला आज संध्याकाळी कोण विचारून राहिलं?" जत्रेतल्या कुस्तीत चीत झालेल्या पहिलवानाच्या अंगाची माती स्वतःच्या उपरण्याने झटकणारे, आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलेल्या मुलीसाठी जेवणावरून उठणारे असे ते गृहस्थ होते. मावशी म्हणायची, "यांनी मला पसंत केली तेव्हाच मला समजलं, माझ्यात काहीतरी कमी असंन."

त्यांच्या या स्वभावाचा पहिला फायदा मला झाला, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. धूलकोटहून मी कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आले आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झाले. वडील मला परत न्यायला आले. पिशवी भरून झाली होती, मावशी पदराने डोळे पुसत होती, आणि तेवढ्यात मौसाजी हातात मावाजलेबीचा पुडा घेऊन दारात उभे.

वडील चकित झाले. "साडूभाऊ, पोरगी नापास झाली. जलेबी कशाची?"

"नापास झाली म्हणूनच ना! पास झाली असती तर तुम्ही आणली असती. घ्या, गरम आहे." आणि वडिलांच्या तोंडात जलेबी असतानाच, म्हणजे त्यांना नाही म्हणता येत नव्हतं तेव्हाच, मौसाजी म्हणाले, "पोरगी राहू द्या इथंच. पुढच्या साली जलेबी आणायची पाळी तुमची." मी आज इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. लोक आईवडिलांचे, गुरूंचे आभार मानतात. मीही मानते. पण त्या यादीत माझ्याकडे एक जलेबी जास्तीची आहे.

अशा माणसाच्या गावात हरणारी टीम यावी, हा योगच म्हणायचा. झालं असं की, एका मोठ्या सूतव्यापाऱ्याचं लहानपण आमच्या गावात गेलं होतं. पुढे तो मुंबईला गेला, खूप वाढला, आणि उतारवयात त्याला गावासाठी काहीतरी करावंसं वाटलं. लोक अशा वेळी धर्मशाळा बांधतात. त्याने फुटबॉलची टीम काढली. साधीसुधी नाही, पगारी खेळाडूंची, देशभरच्या लीगमध्ये खेळणारी. लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवरची का असेना. तिचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि इतकं लांब होतं की खेळाडूंच्या पाठीवर मावत नसे. आम्ही 'आपली टीम' म्हणायचो. मणिपूर, बंगाल, केरळ, गोवा असे कुठकुठचे मुलगे बऱ्हाणपुरात राहायला आले आणि स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या मैदानात खेळू लागले. मौसाजींचा केळीचा व्यापार. हिरवी केळी पिकवायची त्यांची वखार मैदानाच्या मागेच होती. पहिल्या मॅचला ते फक्त गोंगाट कसला म्हणून बघायला गेले. आपल्या टीमने त्या दिवशी असा मार खाल्ला की मौसाजी तिच्या प्रेमातच पडले.

फुटबॉल त्यांना कळायचा नाही. शेवटपर्यंत कळला नाही. त्यांना केळी कळायची, आणि त्यावरच त्यांनी भागवलं. "तो बंगालचा अजून हिरवा आहे, त्याला घाई करू नका." "हा सेंटरवाला बाहेरून पिवळा दिसतो, पण आतून कच्चा आहे." केरळच्या एका वयस्क खेळाडूबद्दल ते हळहळून म्हणाले होते, "चव आहे, पण आता लांबच्या गाडीला टिकणार नाही." गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात त्या खेळाडूचा पाय लांबच्या सामन्याहून परत येताना बसमध्येच धरला. तेव्हापासून मॅचला येणारी आठ-दहा माणसं मौसाजींना जाणकार समजू लागली.

मैदानात बसायची त्यांची जागा ठरलेली, ओरडायची रीतही ठरलेली. शिवी द्यायची नाही. अरेतुरे करायचं नाही. बाकीचे लोक कंठ फोडून काहीबाही बोलत आणि मध्येच मौसाजींचा खणखणीत आवाज यायचा, "अहो डावीकडचे भाऊसाहेब, मागे या, घर उघडं पडलं!" पंचांना तर ते अर्ज केल्यासारखं बोलत. "पंचसाहेब, नजर थोडी इकडे असू द्या, मेहरबानी होईल." एकदा पंचाने खरंच वळून पाहिलं आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूला गोल झाला. मौसाजींनी संध्याकाळी त्या पंचाला गाठून त्याची माफी मागितली. दर मॅचला केळ्यांचा एक अख्खा घड वखारीतून मैदानात यायचा आणि तो आधी समोरच्या टीमला दिला जायचा. ते पाहुणे ना! उरलेला आपल्या पोरांना. समोरची टीम आमची केळी खाऊन आम्हाला हरवते, असं मावशी म्हणायची, आणि निकाल बघता तिचं म्हणणं खोडता यायचं नाही.

एकदाच आपली टीम धो धो जिंकली. एवढे गोल झाले की मोजणारा फळीवर आकडा बदलायला विसरला. लोक मैदानात धावले, कोणीतरी फटाके आणले, आणि मौसाजी कुठे दिसेनात. मी शोधत गेले तर ते समोरच्या टीमच्या बसपाशी उभे. खिडकीतून आत बसलेल्या त्यांच्या गोलकीपरला एक एक केळं सोलून देत होते.

"मौसाजी, आपण जिंकलो! चला ना तिकडे."

"तू जा बेटा. तिकडे लोक आहेत. हा पोरगा कधीचा रडून राहिला."

आपला गोलकीपर मिझोरामचा होता. बुटका, हसरा, फार न बोलणारा. त्याला मौसाजी 'गोलीभाऊ' म्हणत. मावशीचा या सगळ्या प्रकाराला आधी विरोध होता, तो या गोलीभाऊने मोडला. मौसाजींनी त्याला जेवायला आणलं. मावशीने मुद्दाम ठेचा वाढला, असा की ज्याच्या वासाने शेजारचे शिंकावेत. पोराने भाकरीबरोबर तो संपवला, बोट चाटलं आणि हळूच म्हणाला, "आंटी, थोडा और मिलेगा?" मावशी तीस वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होती. आमच्या घरात तिचा ठेचा कोणाला झेपायचा नाही. त्या दिवसापासून मॅच असली की तीही मैदानात. खेळ नाही बघायची, फक्त गोलकीपरकडे बघायची आणि चेंडू त्याच्याकडे आला की डोळे मिटायची.

मी एकदा मौसाजींना विचारलं, एवढा जीव का लावता या टीमला? ते वखारीत घडांवरून हात फिरवत होते. म्हणाले, "बेटा, बऱ्हाणपूरहून केळी जाते. कापूस जातो, कापड जातं. शिकलेली पोरं तर पहिले जातात, तू एक राहिली. बाहेरून इथं राहायला कोण येतं, सांग बरं? ही पोरं आली. मंग त्यांना एकटं सोडायचं का?" पुन्हा घडाकडे वळले. 

मग तो सूतव्यापारी वारला. कारभार मुलाकडे गेला. मुलगा मोठ्या शहरात जन्मलेला. बऱ्हाणपूर त्याच्यासाठी वडिलांच्या बोलण्यातलं एक गाव. टीम हरते आहे, मैदान रिकामं असतं, मग ती रायपूरला का नेऊ नये, असा विचार सुरू झाल्याचं कानावर आलं. तिकडे मोठं स्टेडियम होतं, दिवे होते, पैसे लावणारे लोक होते. शेवटी गोलीभाऊनेच घरी येऊन सांगितलं की हंगामाच्या शेवटच्या मॅचला मालकाचा मुलगा स्वतः येणार आहे. "पब्लिक देखेगा, अंकल. पब्लिक होगा तो शायद रुकेंगे."

मौसाजी म्हणाले, "बघायला येणार म्हणजे मुलगी बघायला येतात तसंच ना? मग आपण मुलीवाले." आणि त्यांनी कामाला सुरुवात केली ती मुलीवाल्यांच्याच रीतीने.

आमच्या भागात लग्नाचं एक आवतन असतं, त्याला चूलबंद म्हणतात. म्हणजे घरातल्या एकदोघांनीच यायचं असं नाही. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. असं आवतन मिळालं आणि माणूस गेला नाही, तर तो अपमान समजतात. मौसाजींनी टीमच्या शेवटच्या मॅचचं चूलबंद आवतन दिलं. हळदकुंकवाच्या अक्षता आणि सुपारी घेऊन ते राजपुऱ्यात दारोदार फिरले, मग मोटारसायकलवर मागे मला बसवून शेतांतून, खेड्यांतून, थेट धूलकोटपर्यंत. लोक अक्षता हातात घेत आणि विचारत, "कोणाचं लग्न काढलं मौसाजी?"

"आपल्या टीमचं. शनिवारी, तीन वाजता. वरण-बट्टी आहे. घरात चूल पेटली तर बघा!"

"नवरदेव कोण?"

"मुंबईचा आहे. येऊन बघणार आहे. तुम्ही फक्त बसायला या."

लोक हसले, पण अक्षता कोणी परत केल्या नाहीत. माझे वडील म्हणाले, "ट्रॉली भरून आणतो साडूभाऊ, एक माणूस मागे ठेवत नाही." परतीच्या वाटेवर मौसाजी मोटारसायकलवर गाणं म्हणत होते. मी त्यांना गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी मैदानामागे मंडप पडला. आचाऱ्यांनी कढया चढवल्या, बट्ट्यांचं पीठ मळलं, वांगी भाजायला टाकली. मालकाचा मुलगा वेळेवर आला. सज्जन वाटला, काळा चष्मा काढून त्याने मौसाजींना नमस्कार केला. तीन वाजले. पंचाची शिट्टी झाली. मैदानात होते मौसाजी, मावशी, मी, नेहमीचे आठ-दहाजण आणि रिकाम्या पायऱ्या.

मौसाजी उठून फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. मी फोन लावायला लागले. राजपुऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "निघतोच आहे गं, आताच तर वेणी घालायला बसले." वडिलांना लावला तर ते म्हणाले, "अजून तर ट्रॅक्टर धुऊन राहिलो. तीन म्हणजे साडेपाच ना? पंगत का आत्ताच बसवून राहिले?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला कोणी जात नाही. मुहूर्त मुलाकडच्यांसाठी आणि भटजीसाठी. आवतनाची माणसं पंगतीच्या वेळेला येतात. लवकर गेलं तर भुकेले दिसतो, म्हणून थोडं उशिराच. मौसाजींनी आवतन लग्नाचं दिलं होतं, आणि गावाने ते लग्नासारखंच पाळलं होतं.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी नीट बसवली. मग मंडपात गेले आणि कढईसमोरच्या आचाऱ्यांना, वाढप्यांना, भांडी घासणाऱ्या बायांना, सगळ्यांना घेऊन आले. पिठाने भरलेल्या हातांनी ती माणसं पायऱ्यांवर बसली. "टाळ्या वाजवा," मौसाजी म्हणाले. त्यांनी वाजवल्या तर पिठाचे ढग उडाले. मालकाचा मुलगा तिकडे बघून हसला. वाईट हसला नाही, पण हसला. एक गोल खाऊन आपली टीम पिछाडीवर होती. गोलीभाऊने त्या दिवशी काय काय अडवलं हे मावशीने, पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून, पाहिलं. मॅच संपायच्या आधीच मालकाचा मुलगा उठला. इंदूरहून त्याचं विमान होतं. जेवून जा म्हणून मौसाजी गाडीपर्यंत गेले. "बट्टी तळून तयार आहे साहेब, दोन घास. लोक येऊनच राहिले." त्याने त्यांचा हात हातात घेतला, "आप बहुत अच्छे आदमी हैं" असं म्हणाला, आणि गाडी असीरगडच्या, म्हणजे इंदूरच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर लोक आले. ऊन उतरायला लागलं तसे आले. जरीच्या साड्या, पांढऱ्या टोप्या, तेल लावलेली मुलं, आहेराची स्टीलची पातेली. रिक्षा, मोटारसायकली, आणि धूलकोटची धुतलेली ट्रॉली, काठोकाठ भरलेली. वडील उतरता उतरता ओरडले, "साडूभाऊ, आलो बरं का! एक माणूस मागे ठेवला नाही." मैदान भरलं. खरंच भरलं. राजपुऱ्यातल्या लोकांनी पायऱ्या धरल्या, खेड्यातले लोक कडेने उभे राहिले.

मी मौसाजींकडे बघितलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. ते वडिलांना म्हणाले, "या या, बसा. पंगत लागूनच राहिली." आणि तुपाचं भांडं उचललं. एकाही माणसाला त्यांनी उशीर का केला विचारलं नाही. ते विचारलं असतं, तर सगळ्यांना काय झालं ते कळलं असतं, आणि जेवण कोणाच्या घशाखाली उतरलं नसतं. पंगतीत वाकून वाकून तूप वाढत ते म्हणत होते, "घ्या, आणखी एक बट्टी. टीमचं लग्न आहे." खेळाडूही बसले होते. गोलीभाऊ जेवला आणि कोणाला न विचारता उठून मैदानात गेला, गोलासमोर उभा राहिला. मग बंगालचा गेला. मग बाकीचे. तुडुंब पोटांनी त्यांनी आपसातच खेळायला सुरुवात केली.

बऱ्हाणपुराने असा गोंगाट आधी केला नाही आणि पुढेही करणार नाही. कोणालाच खेळ कळत नव्हता. चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या, कोणी पडलं तरी टाळ्या. वडील तर आपल्या ओळखीचा म्हणून पंचालाच शाबासकी देत होते, आणि तो पंच नव्हता, टीमचा मालिशवाला होता. या सगळ्यात मौसाजींची मात्र मैदानाकडे पाठ होती. ते माणसांकडे बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू, पुन्हा पहिल्यापासून.

मी फोनवर त्याचं चित्रण केलं होतं. टीमच्या प्रशिक्षकाने ते त्याच रात्री मालकाच्या मुलाला पाठवलं. उत्तर आलं. एक अंगठा.

पावसाळा संपायच्या आत टीम रायपूरला गेली. नवं नाव मिळालं, कपड्यांचा रंग बदलला. गोलीभाऊ मावशीच्या पाया पडून गेला. मावशीने ठेच्याची बरणी दिली आणि दोन दिवस ओट्यापाशी फिरकली नाही. लोक म्हणाले, मौसाजी, आता काय, दुसरं काही बघा. काहींनी सांगितलं, सोडून गेलेल्यांचं काय एवढं. मौसाजी कोणाशी वाद घालत बसले नाहीत. ते पूर्वीसारखे वखारीत जायचे, घडांवरून हात फिरवायचे, फक्त शनिवारी मैदानाच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचे.

त्यांची केळी रायपूरच्या एका आडत्याकडे जातात. बरीच वर्षांचा व्यवहार. एके दिवशी मी वखारीत असताना त्यांनी त्याला फोन लावला. भाव विचारला, गाडी कधी पोचली विचारलं, आणि मग, जरा घसा साफ करून, म्हणाले, "शेठ, एक काम था. शनिवार को आपके यहाँ स्टेडियम में मॅच है। आप जाओगे क्या? बस बैठके आना। अपने बच्चे हैं, नए शहर में हैं। कोई तो अपना दिखना चाहिए उनको।" पलीकडून आडत्या हसल्याचा आवाज मलाही आला. पण जुना माणूस, हो म्हणाला.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मौसाजींनी तो मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"गया था, सेठ। बच्चों को लेके गया था। लेकिन बैठने को जगह ही नहीं मिली। पूरा फुल। खड़े खड़े देखा।"

"जगह नहीं मिली?"

"अरे, पाँव रखने को नहीं थी।"

"फुल था?"

"एकदम फुल।"

"जीते?"

"जीते ना! गोलकीपर तो क्या खेला आपका!"

"अच्छा है," मौसाजी म्हणाले. "बहुत अच्छा है।" फोन ठेवला. समोरच्या घडावरून त्यांचा हात फिरत राहिला, तोच घड, वरून खाली, पुन्हा वरून खाली.  बाहेर हमाल गाडी भरत होते, हिरवी केळी, कुठल्या तरी लांबच्या गावाला जायची.

गाडी भरून झाली तेव्हा ते म्हणाले, "बेटा, आपल्या मैदानात जागा लय होती, नाही?"

मी म्हटलं, "हो मौसाजी. लय होती."